पाच दिवसांची गोळी

६ जानेवारी, सोमवार

डॉक्टरांनी वही ठेवायला सांगितली म्हणून ठेवली. काय खाल्लं, केव्हा खाल्लं, घशाशी केव्हा आलं, मळमळ केव्हा झाली, एवढंच लिहायचं आणि पुढच्या वेळी दाखवायचं. मी म्हटलं, "चाळीस वर्षं लोकांची मापं लिहितोय, आता स्वतःचं लिहितो." ते हसले नाहीत. बाहेर गर्दी होती.

तर माप असं. वय एकसष्ट. धंदा शिंपीकाम, दुकान खाली, घर वर. महिनाभर सकाळी उठलो की छातीत जळजळ आणि तोंडात आंबट पाणी. गेला आठवडा अन्नाचा नुसता वास आला तरी पोट ढवळतं.

औषध: सकाळी उपाशीपोटी एक कॅप्सूल, मग अर्ध्या तासाने खाणं. मळमळीची छोटी पांढरी गोळी, जेवणाआधी, दिवसातून तीनदा, पाच दिवस. "पाच दिवसांनी येऊन दाखवा," म्हणाले. रात्रीचं जेवण आणि झोप यांत तीन तास. पलंगाची डोक्याकडची बाजू उंच करायची.

पलंगाखाली ही आणि मी मिळून दोन लाकडी ठोकळे सारले. ही म्हणजे माझी बायको. डॉक्टर वाचणार असतील तर सांगून ठेवतो: हिला ऐकू येत नाही, सहाव्या वर्षी ताप आला तेव्हापासून. ओठ वाचते. बोलते आपल्या आवाजात. आवाज थोडा जाडा, पण शब्द स्वच्छ. आमच्या घरात बोलायचं म्हणजे तिच्यासमोर यायचं, उजेडाकडे तोंड करायचं आणि मग बोलायचं. लग्न ठरत होतं तेव्हा मला मिशी होती. पहिल्या भेटीत ती म्हणाली, "तुमची निम्मी वाक्यं मिशीत अडकतात." दुसऱ्या भेटीला मी मिशी काढून गेलो. त्याला चौतीस वर्षं झाली.

आज जळजळ: सकाळी एकदा, दुपारी चहानंतर एकदा.

११ जानेवारी, शनिवार

पाच दिवस झाले. मळमळ पार गेली. दोन दिवस पोटभर जेवलो. डॉक्टरांकडे जायचं होतं, पण हॉटेलातल्या वाढप्यांचे अठ्ठावीस कोट महिनाअखेर द्यायचेत आणि अजून बाह्या बेतायच्या राहिल्यात. बरं वाटत असताना डॉक्टरांचा वेळ कशाला खायचा?

२३ जानेवारी, गुरुवार

गोळी बंद केल्यावर आठवड्याने मळमळ परत आली. डॉक्टरांची चिठ्ठी काही सापडेना. मग नेहमीचा मार्ग धरला. गिऱ्हाइकाला पुन्हा तसंच कापड हवं असेल तर आम्ही ऑर्डरच्या वहीत कापडाचा तुकडा टाचून ठेवतो. तो दाखवला की कापडवाला त्याच जातीचा तागा खाली काढतो, जास्त विचारत बसत नाही. मी गोळ्यांच्या रिकाम्या पट्टीवरचा नाव छापलेला तुकडा कातरीने कापला, वहीत टाचला आणि वही काखेत मारून कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे गेलो. त्याने तुकडा पाहिला, आत गेला, तीन पट्ट्या आणून ठेवल्या.

"मास्तर, गिऱ्हाईक असावं तर असं. नाहीतर लोक येतात आणि म्हणतात, ती पांढरी द्या!"

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

९ फेब्रुवारी, रविवार

जळजळ नाही. मळमळ नाही. डॉक्टर चांगला आहे.

मात्र पायांना काय झालंय कळत नाही. बसलो की आतून मुंग्या धावल्यासारखं होतं. दुखत नाही, पण बसवत नाही. जेवताना दोनदा उठून खिडकीपर्यंत जाऊन आलो. ही बघत होती. कोटांच्या कामाने अंग आंबलं असणार. दोन वर्षांपूर्वी मोटरची मशीन घेतली ती झाकून ठेवली आणि माळ्यावरची जुनी पायमशीन उतरवून घेतली. पाय चालू राहिले की बरं वाटतं. जुनं ते सोनं म्हणतात ते उगाच नाही.

संध्याकाळी थोरलीचा व्हिडिओ कॉल. आमची एकुलती एक, तरी तिला आम्ही थोरली म्हणतो, कारण लहानपणापासून आमच्यावर दादागिरी करते. ती म्हणाली, "बाबा, तुमच्याकडचं नेटवर्क खराब आहे का? बोलणं संपलं तरी तुमचं तोंड हलतंय."

"नेटवर्कच," मी म्हटलं. "आठवडाभर असंच चाललंय."

मग ती आईशी बोलली. दोघी काचेसमोर नाकाला नाक लावून बोलतात. तिथे नेटवर्कचा त्रास झाला नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आमच्याकडे आठवड्यातून तीन दुपारी काजं करायला एक बाई येतात. त्यांना सगळे काजमावशी म्हणतात. हात असा की मशीनने लाजावं, आणि जीभही तशीच धारेची. आज मान वर न करता म्हणाल्या, "मास्तर, एकटेएकटेच काय चघळताय? आम्हालाही द्या की."

"तोंडात काही नाही हो."

"मग दात पडले की काय? माझी आजी अशी करायची, शेवटच्या वर्षी."

मी हसलो. या बाईचं कुणाचं वय काढल्याशिवाय काज पुरं होत नाही.

ही गल्ल्याशी बसली होती. ती हसली नाही. तिला कळलं नसेल, मावशींचं तोंड खाली होतं.

४ मार्च, मंगळवार

आज जे झालं ते लिहून ठेवतो.

टाचण्या ओठांत धरायच्या ही आमची पहिल्या दिवसापासूनची सवय. दोन्ही हात कपड्याला लागतात, मग टाचण्या ठेवणार कुठे? गेले काही दिवस त्या सुटून पडतात. मला वाटलं, नव्या डबीतल्या गुळगुळीत आहेत. आज बँकेतल्या बाईंच्या जाकिटाचा खांदा बसवत होतो, ओठांत चार टाचण्या. अचानक एक आत गेली. जिभेच्या मुळाशी टोचली तेव्हा कळलं. मी तसाच वाकलो, खोकलो, आणि ती जमिनीवर पडली. बाई घाबरून खुर्चीत बसल्या. मी आधी पाणी प्यायलो, मग त्यांना दिलं. उलटं करायला हवं होतं.

काजमावशींनी तासाभरात चिंध्या भरून मनगटावर बांधायची छोटी उशी शिवून दिली. "आता ओठांत काही धरायचं नाही," त्यांनी बजावलं. वय काढलं नाही. त्यामुळे जास्तच वाईट वाटलं.

मळमळ: नाही. गोळी: तीन.

१५ मार्च, शनिवार

हिच्या डोळ्यांचं काहीतरी झालंय. मी बोलतो आणि ती दोनदा, तीनदा "काय?" म्हणते. पूर्वी मी जिना चढताना अर्धं वाक्य बोललो तर उरलेलं ती पुरं करायची. आता जेवताना समोर बसून सांगितलं की खालच्या नळाला गळती लागली आहे, तर ती मीठ घेऊन आली.

जेवायच्या जागेवरचा दिवा बदलून मोठा लावला. फरक नाही. आज जबरदस्तीने चष्म्याच्या दुकानात नेलं. तिथल्या माणसाने अर्धा तास अक्षरं वाचायला लावली. नंबर तोच. तो तिच्याशी भरभर बोलत होता आणि ती पटापट उत्तरं देत होती. मला जरा नवल वाटलं, पण म्हटलं, तिथे उजेड भरपूर होता.

परत येताना म्हणाली, "माझे डोळे ठीक आहेत."

"मग?"

ती बाजूने चालू लागली. बाजूने चालणारा माणूस तिला काही सांगू शकत नाही, हे तिला माहीत आहे.

२८ मार्च, शुक्रवार

पंधरा दिवस वहीत फक्त चहा आणि जळजळ लिहिली. बाकी लिहिण्यासारखं नव्हतं, किंवा होतं ते लिहावंसं वाटलं नाही.

ही आता जेवताना माझ्याकडे बघत नाही. ताटाकडे बघते. दुकानात गिऱ्हाइकांशी मात्र पहिल्यासारखी: गळा खोल हवा का, अस्तर कोणतं, कोणी पुटपुटलं तरी तिला कळतं. माझ्या वेळी मान खाली. चौतीस वर्षं जिने माझ्या तोंडाकडे पाहिलं, तिने तोंड फिरवलं की माणूस आपल्याच घरात भाडेकरू होतो.

मन उदास आहे. सकाळी उठावंसं वाटत नाही. कातर हातात घेतली की वाटतं, कशाला? असा मी नव्हतो. वयाचं असेल. पोट तेवढं उत्तम आहे.

६ एप्रिल, रविवार

आज फुटलं.

चहाच्या वेळी ती समोर बसली आणि थेट विचारलं, "काय म्हणता सारखं?"

"मी? काही नाही."

"काही नाही कसं? मी महिनाभर बघते आहे. शिवताना, जेवताना, नुसते बसलात तरी ओठ चालू. मी बघितलं की मिटता. कुणाशी बोलता?"

"अगं, मी तोंडसुद्धा उघडलं नाही."

"खोटं," ती म्हणाली. तिचा आवाज चढला की तिला कळत नाही किती चढला. शेजारच्या खिडकीतून डोकं बाहेर आलं. "लहानपणापासून लोक माझ्यासमोर मला कळू नये म्हणून ओठ मिटून बोलत आले. आत्या, काका, वर्गातल्या मुली. तुम्ही तेवढे नव्हता. माझ्याबद्दल काही असेल तर उजेडात येऊन बोला. शिव्या द्यायच्या तर द्या, पण मला कळतील अशा द्या."

मी शपथ घेतली. ती माझ्या ओठांकडे बघत राहिली आणि तिचा चेहरा आणखी पडला. "आत्ताही," ती म्हणाली. "शपथ संपली, तरी चालूच."

मी उठून खोलीत चकरा मारू लागलो. पायांना तेवढं कारण पुरलं.

हिला भास होतायत का? थोरलीला सांगावं का? एकटेपणाने माणसाला असं होतं म्हणतात. पण ती एकटी कुठे आहे, मी आहे ना?

१७ एप्रिल, गुरुवार

गोळ्या संपत आल्या म्हणून वही घेऊन गेलो. औषधवाला नव्हता. त्याची सून बसली होती. औषधांचं रीतसर शिकलेली आहे, लग्न होऊन महिनाच झालाय. मी वहीतला तुकडा दाखवला. तिने तुकडा पाहिला, मग मला पाहिलं, मग पुन्हा तुकडा.

"काका, चिठ्ठी?"

"नमुना आहे की. तुमचे सासरे यावरच देतात."

"किती दिवस घेताय?"

"जानेवारीपासून," मी अभिमानाने सांगितलं. "एक दिवस चुकवली नाही. चुकली असेल तर आठवडाभर तेवढी, सुरुवातीला."

तिने पट्टी काढलीच नाही. खुर्चीवरून उठून पुढे आली. "काका, तोंडात काही आहे का आत्ता?"

"नाही."

"पाय अस्वस्थ होतात? बसवत नाही असं?"

मी म्हटलं, "पोरी, मी पोटाची गोळी मागतोय, पायाची नाही."

ती चिडली नाही. सावकाश म्हणाली, "ही गोळी पोटापुरती राहत नाही. मेंदूपर्यंत जाते. म्हणून थोडे दिवसच द्यायची असते. जास्त झाली की तोंडाचे, जिभेचे स्नायू आपोआप हलायला लागतात, आपल्याला न कळता. वय झालेल्यांना जास्त. मी देणार नाही, काका. आज डॉक्टरांकडे जा, उद्या नको. आणि जी कुठली औषधं घेता ती सगळी बरोबर न्या."

मागे दोन गिऱ्हाइकं उभी होती. चारचौघांत मला वेड्यासारखं वाटलं. मी सांगितलं की तुझा जन्म व्हायच्या आधीपासून मी या दुकानात येतो, आणि निघालो.

घरी आल्यावर दुकानातल्या मोठ्या आरशासमोर उभा राहिलो. पाच मिनिटं स्वतःचं तोंड बघितलं. ढिम्म हललं नाही. दगडासारखं शांत. शिकलेल्या मुलींना पुस्तकातलं सगळं समोरच्या माणसात दिसतं.

घरात दोन गोळ्या उरल्या होत्या. एक घेतली.

२२ एप्रिल, मंगळवार

तीन दिवस गोळी नाही, कारण दुसऱ्या दुकानात जायला लाज वाटली. मळमळ थोडी. चालण्यासारखी.

आज दुपारी कोटाच्या कॉलरला कच्चे टाके घालत होतो. टाके मोजायचे असतात, दर बोटभर अंतराला चार, त्यामुळे लक्ष सुईत. उजव्या हाताला मोठा आरसा. डोळ्यांच्या कोपऱ्यात काहीतरी हलत होतं. वाटलं, कुणी गिऱ्हाईक मागे येऊन उभं राहिलंय आणि काही खातंय. म्हातारं माणूस. खालचा ओठ पुढे येत होता, आत जात होता, जीभ गालात फिरत होती, जबडा आडवा सरकत होता, रवंथ करणाऱ्या बोकडासारखा.

मी वर पाहिलं. मागे कोणी नव्हतं. आरशातलं तोंड त्या क्षणी मिटलं.

पुन्हा मान खाली घातली. एक, दोन, तीन, चार. कोपऱ्यात बोकड परत सुरू.

कॉलरच्या एका बोटात सात टाके पडले. काजमावशी कुठल्या तरी काजात गुंतल्या होत्या. एवढंच आठवत होतं: शपथ संपली, तरी चालूच.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी हिच्या डोळ्यांचा नंबर काढायला गेलो होतो!

वर गेलो. तिला हाताला धरून खाली आणलं, आरशासमोर स्टुलावर बसवलं. म्हटलं, "मी शिवतो. तू माझ्याकडे बघू नकोस, आरशात बघ." तिला किती समजलं देव जाणे, पण बसली. मी टाके मोजायला लागलो. बऱ्याच वेळाने वर पाहिलं तर तिचा हात तोंडावर होता.

"तुम्हाला माहीत नव्हतं?" ती म्हणाली.

मी नकारार्थी मान हलवली. तेवढंच तिला नक्की कळेल असं माझ्याकडे उरलं होतं.

२३ एप्रिल, बुधवार

दोघं डॉक्टरांकडे गेलो. आजाराची ही वही नेली, ऑर्डरची वही नेली, सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून नेल्या. डॉक्टरांनी पानं उलटली. फेब्रुवारीवर थांबले, मार्चवर जास्त थांबले. बाहेर आजही गर्दी होती, पण त्यांनी दार लावून घेतलं.

"पायांचं लिहिलंय, टाचण्यांचं लिहिलंय, मन उदास असल्याचं लिहिलंय," ते म्हणाले. "सगळं एकाच गोळीचं असू शकतं. मी पाच दिवस सांगितली होती."

"बरं वाटलं म्हणून आलो नाही. परत मळमळलं म्हणून घेत राहिलो."

"परत मळमळलं तेव्हा यायचं होतं. कशाने मळमळतंय ते तेव्हाच शोधलं असतं." मग जरा थांबून म्हणाले, "पाच दिवसांनी या असं म्हटलं मी. का या, ते सांगितलं नाही. ते माझ्याकडून राहिलं."

डॉक्टर असं म्हणताना मी पहिल्यांदा पाहिला.

गोळी कायमची बंद. कॅप्सूल आपल्या मनाने बंद करायची नाही, ते कमी करत नेतील; तीसुद्धा विचारल्याशिवाय वर्षानुवर्षं घ्यायची नसते. पोटाची तपासणी पुढच्या आठवड्यात. मेंदूच्या डॉक्टरांना चिठ्ठी दिली. कुठेही गेलो, कोणतंही औषध घेतलं, तरी या गोळीने असं झालं होतं हे आधी सांगायचं. त्यांनी कागदावर मोठ्या अक्षरांत नाव लिहून दिलं, पाकिटात ठेवायला.

ही इतका वेळ डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत होती. त्यांचं एकूणएक वाक्य तिला कळत होतं आणि माझं एक कळत नव्हतं, याची मला त्या खोलीतच असूया वाटली. मग तिने विचारलं, "म्हणजे हे काही म्हणत नव्हते?"

"नाही," डॉक्टर तिच्याकडे तोंड करून, स्वच्छ म्हणाले. "स्नायू आपोआप हलतात. त्यात शब्द नसतात."

"एकही नाही?"

"एकही नाही."

ती पिशवीतल्या पट्ट्या नीट लावू लागली. लावून झाल्या तरी लावत राहिली.

मी विचारलं, "जाईल का हे?"

"बऱ्याच जणांचं कमी होतं. काहींचं पूर्ण जातं. काहींचं राहतं. महिने लागतात. गोळी थांबवल्यावर आधी थोडं वाढूही शकतं, तेव्हा घाबरून परत सुरू करू नका."

मी कपडा देताना गिऱ्हाइकाला 'बसेल किंवा नाही बसणार' असं कधी सांगत नाही. पण त्यांनी खरं ते सांगितलं.

३ मे, शनिवार

वाढलं. सांगितलं होतं तसंच. जीभ स्वतःच्या मर्जीने बाहेर डोकावते. गिऱ्हाईक आलं की मी खोटं काम काढून मागे जातो. पाय मात्र बरे आहेत. काल एका जागी बसून पूर्ण विजार शिवली. मोटरच्या मशीनवरची धूळ पुसली.

आमचं घर मुकं झालंय. ती कष्टाने बघते, मी कष्टाने बोलतो, आणि दोघं दमतो. थोरली व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "बाबा, पाटीवर लिहा ना." हिने ते वाचलं आणि उठून गेली. लहानपणी प्रत्येक जण तिच्या हातात पाटी द्यायचा. मी तिला चौतीस वर्षांत कधी काही लिहून दिलेलं नाही. आता देणार नाही.

आज तिनेच तोडगा काढला. ती म्हणाली, "बोलता तेव्हा तुमचं तोंड बरं असतं. घोळ होतो तो बोलायच्या आधी आणि नंतर. मला कळत नाही शब्द कुठे सुरू झाले. सगळं एकाच दोऱ्यात."

मग माझं बोट धरून टेबलावर टेकवलं. "बोलायचं तेव्हा टेकवा. संपलं की उचला. बोट वर असताना मी बघणारच नाही."

मी बोट टेकवलं. "खालचा नळ मार्चपासून गळतोय."

"मार्चपासून?" ती म्हणाली. "म्हणजे तेव्हा मीठ नव्हतं मागितलं?"

मी बोट उचललं. तोंड चालूच राहिलं. तिने खरंच तिकडे पाहिलं नाही. खिडकीकडे बघत होती, आणि तिचे खांदे हलत होते. हसत होती.

१९ मे, सोमवार

तपासणीत जठराला सूज निघाली, त्याचं वेगळं औषध चालू आहे. मोजून चौदा दिवसांचं. तारखा मी भिंतीवर लिहिल्या आहेत आणि डॉक्टरांना दोनदा विचारलं, "नंतर काय?"

कोपऱ्यावर जाऊन औषधवाल्याच्या सुनेची माफी मागितली. ती म्हणाली, "सासरे आता मला विचारल्याशिवाय नमुन्यावरून काही देत नाहीत. चिडतात, पण देत नाहीत." म्हातारा आतून ओरडला, "मास्तर, तुमच्यामुळे घरात सासू झालीय मला!"

तोंड थोडं कमी. जीभ आत राहते. ओठ चालतात. बोटाची सवय झालीय, इतकी की परवा गिऱ्हाइकाशी बोलतानाही टेबलावर बोट टेकवून उभा होतो. तो बिचारा कुठे बोट ठेवलंय ते वाकून बघत होता.

मेंदूच्या डॉक्टरांनी सांगितलं, दिवाळं निघालेलं नाही, पण मुद्दल पूर्ण परत येईल असंही नाही. धीर धरा.

१४ जून, शनिवार

दुपारी जेवण झालं आणि मी कापायच्या टेबलामागच्या बाकावर जरा आडवा झालो. ही वरून खाली आली. "उठा. जेवल्यावर आडवं व्हायचं नाही. घशाशी येईल आणि परत गोळ्या शोधत हिंडाल. आणि तो तिसरा चहा कुणाचा?"

उठलो. तिच्याकडे पाठ करून कापडावर खडूच्या रेघा मारू लागलो. मग कातर घेतली, वळलो, आणि स्वतःशीच पुटपुटलो, "डॉक्टर परवडला. तो निदान महिन्यातून एकदाच रागावतो."

"मग जा त्याच्याकडे जेवायला," ती गल्ल्यापाशी बसत म्हणाली. "चहाही तोच करेल तिसरा."

मी म्हणणार होतो की तो चहा बरा करत असेल. तोंड उघडलं आणि तसाच राहिलो. माझ्या एका हातात कातर होती, दुसऱ्यात कापडाची कड. बोट कुठेच टेकलेलं नव्हतं. मी तिला उद्देशून बोललोही नव्हतो. आणि ती दहा हात लांब, दाराजवळच्या गल्ल्याशी.

तिलाही तेव्हाच उमगलं. बटणांच्या डबीतला हात तिथेच थांबला.

"सगळं?" मी विचारलं. बोट न टेकवता.

"परवडला, महिन्यातून एकदा, रागावतो," तिने बोटांवर मोजलं. "बाकी ओठ हलले मधेमधे. ते मी सोडून दिले."

माझं तोंड अजून स्वस्थ नाही. आत्ता लिहितानाही चाललंय, मला जाणवतंय. कदाचित असंच राहील.

"आणखी काही बोला," ती म्हणाली.

चौतीस वर्षांत मला कधी विषय शोधावा लागला नव्हता, आणि नेमका आता एकही सुचेना. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, सरळ, पहिल्यासारखी. शेवटी मी तिला सकाळी येऊन गेलेल्या निवृत्त हेडमास्तरांचं सांगायला लागलो. दहा वर्षांपूर्वीच्या मापावर विजार शिवा म्हणतात, आणि टेप फिरवली की श्वास आत घेतात. ते कसा श्वास घेतात ते करून दाखवलं, कातर हातात तशीच, आणि तिसरा चहा निवून गेला तरी थांबलो नाही.